भीती विकली, तपासणी नाही

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे आकडे आले, ते असे: ८२,३०९ बायांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणून या बाया दवाखान्यात गेल्या होत्या. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, असं आपल्याला सांगितल्याचं अनेकींनी सांगितलं.

मला यात सर्वांत जास्त बोचतं ते हे, की ती भीती तपासून पाहता आली असती. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो वाढायला बहुधा दहा-वीस वर्षं घेतो. इतकी लांबची सूचना देणारा दुसरा कॅन्सर क्वचितच असेल. सौम्य ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं. बिघडू लागलेला भाग पांढरा दिसतो. त्यासाठी ना भूल लागते, ना ऑपरेशन. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती. म्हणजे भीती गावोगाव पोचली, तपासणी पोचलीच नाही.

आणि तपासणीने मरण टळतं हे ज्ञान कुठून आलं? महाराष्ट्रातल्याच बायांकडून. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक बायांचा अभ्यास झाला. एका गटाची एचपीव्हीची तपासणी एकदाच केली, दुसऱ्या एका गटाला फक्त माहिती दिली. आठ वर्षांनी पहिल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात ६४, आणि हा दुसरा गट आकाराने थोडा लहानच होता. त्याच सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने आरोग्यसेविकांना शिकवून दर दोन वर्षांनी बोळ्याची तपासणी केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणी न मिळालेल्या बायांचा गट ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या बायांच्या मरणातून जे कळलं ते न वापरणं हा त्याहून मोठा अन्याय आहे, असं मला वाटतं. त्यांचं आपण देणं लागतो.

हे देणं नंदुरबार जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमनगरलाही लागू आहे. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना इथे आहे, आणि साखर कुठलीही असो, ती बाईच्या कोयत्यावाचून होत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवरून कितीतरी जोड्या दरवर्षी तोडीला बाहेर पडतात, कोणी गुजरातेतही जातात. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस घरी राहिलं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. अशा बाईला ‘दुखणं अंगावर काढते’ म्हणून बोल लावणं सोपं आहे. काहीच दुखत नसताना तपासायला जा, हे तर तिला आणखी अवघड.

सरकारी मार्गदर्शक सूचना २०१६ पासून सांगतात की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. तोडणी-वाहतुकीचे करार पावसाळ्यात होतात, तेव्हा बाया घरी असतात. तीच वेळ धरून आरोग्य केंद्राने आणि कारखान्यांनी मिळून पाड्यावर जावं. सोबत बाई कर्मचारी असावी, आडोसा नीट असावा, आणि भिली किंवा पावरी बोलणारं कुणी असावं. कारखान्याच्या सभासदांच्या घरातल्या सुनांनी आणि सासवांनीही त्याच रांगेत यावं. पक्क्या घरातली लाज काही कमी नसते.

पांढरा डाग आढळला तर बहुतेक वेळा तो भाग तिथल्या तिथे उष्णतेने जाळता येतो, पिशवीला हात लावावा लागत नाही. ज्या थोड्या जणींना पुढच्या तपासासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागेल, त्यांचा कागद त्यांच्याच हातात द्यावा, कारण हंगामात त्या दुसऱ्याच जिल्ह्यात असतील. आणि रुग्णालयात जाण्याच्या दिवसाचा खाडा मुकादमाने मांडू नये, एवढी अट कारखान्यांनी करारातच घालावी. कोयता जोडीचा असतो, म्हणून सोबत गेलेल्या नवऱ्याचाही मांडू नये.