आधी अंगझडती

तालुक्याच्या पेठेत आमच्या अब्बांचे बांगड्यांचे दुकान होते. पोलीस ठाणे चार पावलांवर. त्यामुळे कुठे झडती निघाली की पंच म्हणून त्यांना हाक यायची. धंदा सोडून ताटकळायचे आणि पुढे काही वर्षांनी कोर्टात साक्षीला उभे राहायचे. अब्बा वैतागत, पण जात. एकदा चोरीच्या मालासाठी एका सायकलवाल्याच्या घरी झडती होती. फौजदार उंबरठ्यावर थांबले, हात वर केले आणि म्हणाले, "आधी आमची अंगझडती घ्या." सायकलवाला थरथरत होता. फौजदाराच्या खिशात हात घालायची त्याची छाती होईना. शेवटी अब्बांनीच सोबतच्या हवालदाराचे खिसे चाचपले. तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी निघाली. मग सगळे आत गेले.

ही रीत गमतीची वाटते, पण तिच्यात मोठा विचार आहे. जो शोधायला येतो, तोच ठेवूनही जाऊ शकतो, हे तिने गृहीत धरले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही घरझडतीला दोन पंच, घरमालकाला हजर राहण्याची मुभा आणि जप्त वस्तूंची यादी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने त्यात चित्रीकरणाची भर घातली. पुष्कळ पंचनामे ठाण्यात बसूनच लिहिले जातात, हेही मला अब्बांनीच सांगितले होते. पण तो नियमभंग आहे, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता झडतीची एक नवी जात आली आहे. पोलीस संगणक जप्त करत नाहीत. त्यातली एखादी फट शोधून गुपचूप एक प्रोग्रॅम आत सोडतात आणि मालक टाइप करत असतानाच वाचत राहतात. जर्मनीत हा वाद जुना आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २७ फेब्रुवारी २००८ रोजी संगणकाची गोपनीयता आणि अखंडता हा मूलभूत हक्क मानला, आणि जीव किंवा स्वातंत्र्य यांसारख्या गोष्टी खरोखर धोक्यात असतील तरच, न्यायाधीशांच्या हुकमाने, आत शिरता येईल असे सांगितले. २०१७ साली गुन्ह्यांच्या तपासासाठीही तिथे असा कायदा झाला.

पोलिसांची गरज खोटी नाही. एन्क्रोचॅट नावाची गुप्त संदेशांची फोनसेवा गुन्हेगारांच्या टोळ्यांत लोकप्रिय होती. २०२० साली फ्रेंच पोलीस तिच्यात शिरले. त्या माहितीवरून डच पोलिसांना सात कंटेनर सापडले. सहा कोठड्या, आणि सातव्यात दंतवैद्याची खुर्ची, माणसाला बांधून छळण्यासाठी. युरोपोलने २०२३ साली अटकेचा आकडा ६,५५८ दिला. त्या खुर्चीत जो बसणार होता, त्याच्यापुढे उभे राहून 'खासगीपणा' हा शब्द उच्चारायला मी धजणार नाही.

माझी अडचण खासगीपणाची नाहीच. ती सायकलवाल्याच्या उंबरठ्यावरची आहे. नव्या झडतीत पंच नाही, मालक हजर नाही. आणि फौजदाराचा खिसा कुणी चाचपायचा? २०११ साली जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबने सरकारी हेरप्रोग्रॅम उलगडून पाहिला. तो संभाषण ऐकण्यापुरता असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याच्या मार्गे दुसरे प्रोग्रॅमही त्या संगणकात उतरवता येत होते, आणि त्याची राखण इतकी ढिली होती की तिऱ्हाईतालाही तो चालवता आला असता. वाचणारा हात लिहूही शकत होता.

आपल्याकडेही ही शंका आली आहे. भीमा कोरेगाव खटल्यातील एका आरोपीच्या संगणकात जप्तीपूर्वीच कुणीतरी शिरून कागदपत्रे ठेवली, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ साली दिला. घुसखोर कोण, हे त्यात सांगितलेले नाही. आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो अहवाल मान्य केला नाही. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण संगणकात मिळालेला कागद मालकाचाच, हे आता गृहीत धरता येत नाही.

एन्क्रोचॅटमध्ये पोलीस कसे शिरले, हे फ्रान्सने संरक्षणविषयक गुपित म्हणून दडवले. वकिलांनी तपासायचे तरी काय? ३० एप्रिल २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की ज्या पुराव्यावर आरोपीला नीट बोलता येत नाही आणि जो निकालावर मोठा परिणाम करू शकतो, तो बाजूला ठेवला पाहिजे. मला हे पटते. जीव वाचवायला गुपचूप शिरा. पण तेच कागद माणसाला तुरुंगात धाडायला वापरायचे असतील, तर प्रोग्रॅमही आरोपीच्या तज्ज्ञापुढे उघडा करा. पद्धत गुपितच ठेवायची असेल, तर कागद कोर्टाच्या मेजावर आणू नका.

माझा पुतण्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्याला हे भाबडे वाटते. "चाचा, पद्धत उघडी केली की उद्या टोळीवाले ती फट बुजवतील. आणि उघडी केली नाही तर खुर्ची ठेवणारा सुटेल."

मी म्हटले, "कंटेनर तर सापडले ना? खुर्चीचा पंचनामा दिवसाउजेडी करता येतो. बोटांचे ठसे घ्या, साक्षी काढा."

"आणि जिथे खुर्ची नाही, नुसता संदेशच आहे, तिथे?"

"तिथे सुटेल," मी म्हटले.

तो गप्प बसला. पटले म्हणून नव्हे.