विश्वास आणि खातरजमा

ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून देशाला सांगितलं, की आधी थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. कारण होतं ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येतो, पाठीमागे पोलीस ठाण्यासारखा देखावा असतो आणि कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही असा हुकूम सुटतो. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. तरीही शिकलीसवरली माणसं जन्माची पुंजी त्याने सांगितलेल्या खात्यात भरतात.

मी कॉलेजात भारतीय तत्त्वज्ञान शिकवत असे. आता सांगलीत ज्येष्ठ नागरिकांशी या विषयावर बोलतो. तिथे एका निवृत्त मुख्याध्यापिकेने विचारलं, “सर, म्हणजे आता पोलिसांवरही अविश्वास दाखवायचा का?” मला हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

दुसऱ्याच्या शब्दावर कधी विसंबावं, यावर आपल्याकडे मीमांसा आणि न्याय या दोन दर्शनांत शतकानुशतकं वाद झाला. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. त्याला बाध आणणारं काही पुढे येईपर्यंत ते खरं धरायचं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरतं. समोर पाणी दिसलं, तरी तहान भागल्यावरच ते पाणी असल्याची खात्री पटते. रोजच्या व्यवहारात आपण मीमांसकांसारखे वागतो आणि ते योग्यच आहे. दूधवाल्याची, कंडक्टरची, औषध दुकानदाराची दररोज परीक्षा घेत बसलो तर जगणंच अडेल. पण शब्दाबरोबर धाक आणि घाई आली, की तिथे नैयायिक व्हायला हवं.

न्यायदर्शनात ज्याचा शब्द मानावा त्याला ‘आप्त’ म्हणतात. त्याला गोष्ट नीट ठाऊक असते आणि ती आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असते. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं भाष्यकार वात्स्यायन सांगतो. कुळाने जे मिळत नाही, ते गणवेशाने कसं मिळेल?

आपला कायदाही याच बाजूचा आहे. डी. के. बसू खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटक करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, अटकेचा पंचनामा झाला पाहिजे आणि त्यावर साक्षीदाराची सही हवी. फौजदारी कायद्याखाली हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये, हे त्याच न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. खऱ्या पोलिसाला पारखता यावं, अशी सोय कायद्यानेच केली आहे. म्हणून मी बाईंना म्हटलं, ओळख विचारण्यात पोलिसांचा अपमान नाही, तो कायद्याचा मान आहे.

या कसोटीवर सरकारचे काही प्रयत्न मला मोलाचे वाटतात. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार केली, तर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतानाच रोखण्याची संधी मिळते. बँकांच्या कॉलसाठी 1600ने सुरू होणारे क्रमांक, संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता, ही नागरिकाच्या हाती दिलेली पारखण्याची साधनं आहेत.

याउलट माहिती तंत्रज्ञान नियमांत 2023 मध्ये केलेल्या बदलाने सरकारच्या कारभाराविषयी खोटं काय, हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच विभागाकडे जाणार होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये तो बदल रद्द केला. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही मला ते योग्य वाटतं. मीमांसकांनी वेदाचा शब्द निरपवाद प्रमाण मानला, तो वेद अपौरुषेय आहे म्हणून. त्याला बोलणाराच नाही, तेव्हा बोलणाऱ्याचा दोषही नाही. सरकार तर माणसांचंच असतं.

डिजिटल अरेस्टमध्ये माणसं बुद्धी कमी म्हणून फसत नाहीत. सरकारी आवाजापुढे प्रश्न विचारायचा नसतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. ‘साहेब चिडतील’ या भीतीने गप्प बसण्याची सवय आपल्याला कचेरीच्या खिडकीपाशी लागते आणि भामटा तिचाच फायदा उठवतो. ऑनलाइन सुरक्षितता हवी असेल तर तिची सुरुवात तिथेच करावी लागेल. कारकुनाने नाव सांगावं, हवालदाराने विचारण्याआधी ओळखपत्र दाखवावं. आणि एखाद्या आजीने फोन ठेवून ठाण्यात खातरजमा केली, तर खऱ्या अधिकाऱ्याने रागावू नये. तिने त्याचंच काम सोपं केलेलं असतं.