अचल प्रवर्तक आणि लोहचुंबक

जे स्वतः हलत नाही ते दुसऱ्याला हलवू शकते काय, हा भारतीय दर्शनांतील एक जुना व अवघड प्रश्न असून, त्याचा विचार करताना सांख्य आणि वेदान्त या दोन्ही दर्शनांनी एकाच वस्तूचा आधार घेतला आहे. ती वस्तू म्हणजे अयस्कांत, अर्थात लोखंडाला आपल्याकडे ओढणारा दगड. सांख्यमताप्रमाणे पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, काहीही करीत नाही आणि सारी हालचाल ही प्रकृतीची, म्हणजे जगाच्या त्रिगुणात्मक मूलद्रव्याची असते; तरीही पुरुषाच्या केवळ सन्निधीमुळे, म्हणजे जवळ असण्यामुळे, प्रकृती प्रवृत्त होते, जसे अयस्कांत जागचा न हलता लोखंड हलू लागते.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात, सातव्या सूत्रावर भाष्य करताना, शंकराचार्यांनी या दृष्टांतावर जो आक्षेप घेतला तो आजही विचार करायला लावणारा आहे. पुरुषाची सन्निधी नित्य आहे, मग तिच्यामुळे होणारी प्रवृत्तीही नित्य मानावी लागेल आणि सृष्टी कधी थांबणारच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. उलट अयस्कांताची सन्निधी अनित्य असते, तो लोखंडाजवळ आणावा लागतो, घासूनपुसून स्वच्छ करावा लागतो, आणि म्हणून जवळ येणे हाच त्याचा व्यापार ठरतो. विशेष म्हणजे याच पादातील दुसऱ्या सूत्रावरील भाष्यात, स्वतः प्रवृत्तिरहित असलेले चैतन्य प्रवर्तक कसे होऊ शकते हे सांगण्यासाठी, आचार्यांनी स्वतःच अयस्कांताचा दाखला दिलेला आहे. यात विसंगती पाहणे घाईचे होईल, कारण दृष्टांत एका अंशापुरताच घ्यायचा असतो, आणि खरा वाद तो अंश कोणता याविषयीच आहे.

वैशेषिक सूत्रांनी लोहचुंबकाकडे सुईच्या सरकण्याचे कारण ‘अदृष्ट’ असे सांगितले, म्हणजे न दिसणारे कारण. आधुनिक भौतिकशास्त्राने त्या अदृष्टात बरेच काही पाहिले आहे. लोखंडाच्या अणूतील काही इलेक्ट्रॉन त्यांच्या ‘स्पिन’ या अंगभूत गुणधर्मामुळे अतिसूक्ष्म चुंबकांसारखे वागतात. शेजारशेजारच्या अणूंमधील असे असंख्य सूक्ष्म चुंबक एका दिशेला वळून त्यांची क्षेत्रके, म्हणजे एकमुखी गट, बनतात. आणि अशा क्षेत्रकांची दिशा मोठ्या प्रमाणात जुळली की तो तुकडा लोहचुंबक ठरतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला उष्णतेने ही शिस्त मोडते आणि लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते. बाहेरून निश्चल दिसणारा दगड आतून असा घडलेला असतो, एवढेच नव्हे तर तो जितक्या बलाने लोखंडाला ओढतो तितक्याच बलाने लोखंडही त्याला ओढते. लोखंड घट्ट धरून चुंबक तरंगत्या फळीवर ठेवला तर चुंबकच लोखंडाकडे जातो. पुरुष प्रकृतीपासून सर्वथा अलिप्त आहे असे मानणाऱ्या सांख्यांना ही गोष्ट आचार्यांच्या आक्षेपापेक्षाही अधिक अडचणीची आहे.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो हे दाखविले. चुंबक वेटोळ्यात नुसता पडून राहिला तर, तो कितीही शक्तिशाली असला तरी, प्रवाह मिळत नाही. सन्निधी पुरत नाही, सन्निधीत फरक पडावा लागतो. आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या भाष्यात हा शोध आधीच होता असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे आहे, कारण आचार्यांचा विषय तर्क होता, तारा नव्हत्या. पण केवळ जवळ असणे आणि जवळ येणे यांतील भेद त्यांनी अचूक हेरला होता, हे मान्य केलेच पाहिजे. कोयनेच्या जनित्रात पाण्याच्या जोराने विद्युतचुंबक फिरत राहतो म्हणून भोवतालच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. घराच्या छताला टांगलेल्या नेहमीच्या पंख्यात कायमचा चुंबक मुळीच नसतो. सेकंदाला ५० आवर्तने करणारा प्रवाह, कपॅसिटरच्या मदतीने, वेटोळ्यांत फिरते क्षेत्र उभे करतो आणि त्यामागोमाग पंख्याचे बाहेरचे कवच पात्यांसह फिरते. कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यांत कायमचे चुंबक असतात खरे, परंतु तेथेही वेटोळ्यांतील प्रवाह सतत पालटत ठेवावा लागतो. याउलट फ्रीजच्या दाराच्या रबरी पट्टीतील चुंबक वर्षानुवर्षे दार धरून ठेवतो आणि त्यासाठी वीज लागत नाही, कारण नुसते धरून ठेवण्यात, भौतिकशास्त्राच्या अर्थाने, कार्य घडतच नाही.

सांख्यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगता येते आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. गतिमान विद्युतभारावरील चुंबकीय बल नेहमी त्याच्या गतीशी काटकोनात असते, त्यामुळे ते भाराची दिशा पालटते पण त्याचा वेग वाढवीत किंवा घटवीत नाही; ऊर्जा न देता मार्ग बदलणारा हा प्रभाव ‘अकर्ता तरी प्रवर्तक’ या कल्पनेच्या, भौतिक जगात शक्य असेल तेवढा, जवळ जातो. तरीही विद्युतभाराची क्षेत्रावर उलट प्रतिक्रिया होतेच, आणि सांख्यांचा पुरुष कोणतीच प्रतिक्रिया सोसत नाही. परमात्मा स्वरूपतः उदासीन असून मायेच्या आश्रयाने प्रवर्तक आहे, असे म्हणून आचार्य ही अडचण टाळतात, कारण त्यांच्या मते उलट ओढ लावणारे दुसरे लोखंडच परमार्थतः नसते. परंतु दुसरे लोखंड नसेल तर अयस्कांताचा दृष्टांतही केवळ व्यवहाराच्या पातळीवरच उभा राहतो, आणि दोन पदार्थांवाचून समजूच न शकणारी वस्तू अद्वैताच्या समजुतीसाठी वापरावी लागते.