सांत्वनाची घाई

रुग्णालयातल्या खाटेजवळच्या खुर्चीत तुम्ही बसला आहात, अशी कल्पना करा. खाटेवर पंचाहत्तरी ओलांडलेला एक अमेरिकन माजी सैनिक आहे, व्हिएतनामच्या युद्धात लढलेला. पन्नास वर्षांत बायकोमुलांना जे कधी सांगितले नाही, ते तो तुम्हाला सांगतो आणि शेवटी म्हणतो, "मी जे केले त्याला क्षमा नाही." तुम्ही काय उत्तर द्याल?

आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येईल. युद्ध होते, वरून हुकूम होता, तुम्ही तुमचे कर्तव्य केलेत, आता मन शांत ठेवा, देवाचे नाव घ्या. यात हेतू चांगलाच असतो. पण अमेरिकेत माजी सैनिकांसाठी जी सरकारी रुग्णालये आहेत, तिथे त्या खुर्चीत बसणे हीच ज्यांची नोकरी असते, त्यांना नेमके हे उत्तर न द्यायला शिकवलेले असते.

त्यांना चॅप्लिन म्हणतात. या शब्दाला मराठी शब्द शोधताना मी बराच वेळ अडले होते. पुजारी म्हणावे, तर पूजा सांगणे हे त्यांचे मुख्य काम नाही. प्रवचनकार तर मुळीच नाही, कारण ते बोलतात कमी. ते ख्रिस्ती असतात, ज्यू असतात, मुस्लीम आणि बौद्धही असतात. मात्र रुग्णाला आपल्या धर्माकडे ओढायला त्यांना सक्त मनाई असते. ही परंपरा जुनी आहे. तिथल्या यादवी युद्धात, १८६२ मध्ये, लष्करी रुग्णालयांसाठी चॅप्लिन नेमण्याचा कायदा झाला. आजचे प्रशिक्षण मात्र १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथल्या मनोरुग्णालयात अँटन बॉयसन या पाद्र्याने सुरू केले. बॉयसन स्वतः आधी मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेला होता. धर्मग्रंथ जितक्या बारकाईने वाचतो तितक्याच बारकाईने समोरचा दुःखी माणूस वाचावा, असा त्याचा आग्रह होता.

या प्रशिक्षणाचा एकेक टप्पा चारशे तासांचा असतो. त्यातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णाशी झालेले बोलणे नंतर आठवून शब्दशः लिहून काढायचे आणि सहकाऱ्यांसमोर वाचायचे. मग प्रश्न येतात. इथे तो रडू लागला आणि तुम्ही लगेच प्रार्थना करू या म्हणालात, ते का? त्या क्षणी कोणाचे मन शांत करायचे होते, त्याचे की तुमचे?

हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. "तुमची काही चूक नाही" हे वाक्य बहुधा बोलणाऱ्याला हलके करते. ऐकणारा गप्प होतो आणि आपल्याला वाटते, शांत झाला.

बोस्टनमध्ये व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ साली या सैनिकांवर एक पुस्तक लिहिले. वरिष्ठांनीच न्यायाशी दगा केल्यावर सैनिकाच्या मनाला जे होते, त्याचा त्यांनी शोध घेतला. पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार वाढवला. स्वतः केलेले, थांबवू न शकलेले किंवा नुसते पाहिलेले कृत्यही अशी जखम करते, असे त्यांनी मांडले. याला आता नैतिक जखम म्हणतात. हा भीतीचा आजार नाही. त्या माणसाला कोणाची भीती वाटत नसते, तो स्वतःचा न्यायनिवाडा करत असतो. झोप यावी म्हणून गोळी देता येते, पण 'मी चांगला माणूस आहे का' या प्रश्नावर गोळी नाही.

अशा माणसाला तुझी चूकच नाही म्हणणे म्हणजे तुझी सदसद्विवेकबुद्धी खोटे बोलते आहे, असे सांगणे. एवढ्या पडझडीतून वाचलेली एकच गोष्ट आपण त्याच्याकडून काढून घेतो.

मग त्याला अपराधाच्या भावनेत कुढत ठेवायचे का? नाही. 'माझ्या हातून हे घडले' आणि 'मी म्हणजे फक्त हेच' यांत अंतर आहे आणि चॅप्लिनचे सगळे काम त्या अंतरात चालते. (मी वाणिज्य शाखेची, म्हणून मला हिशेबाची वही आठवते. चुकीची नोंद खोडायची नसते, ती तशीच ठेवून दुरुस्तीची नवी नोंद करायची असते.) कोणी मेलेल्यांना उद्देशून पत्र लिहितो. काही माजी सैनिक पुन्हा व्हिएतनामला गेले आणि जमिनीत न फुटता राहिलेले बॉम्ब काढण्याच्या कामाला त्यांनी हातभार लावला. पण असे काही सुचायला आधी कोणीतरी ती पहिली नोंद पूर्ण वाचू द्यावी लागते.

आपल्याकडे अशा वेळी गीता पुढे केली जाते. पण आठवून पाहा, गीता सांगितली ती युद्धाआधी, ज्याने अजून बाण सोडला नव्हता त्याला. युद्धानंतरचा माणूस युधिष्ठिर आहे. तो जिंकला होता, त्याची बाजू न्यायाची होती, तरी कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्यावर त्याला राज्य नकोसे झाले. भाऊ, द्रौपदी, व्यास, खुद्द श्रीकृष्ण, सगळे समजावतात, कोणी चिडतातही. त्याचे समाधान होत नाही. मग तो शरशय्येवर पडलेल्या भीष्मांकडे जातो, म्हणजे त्याच युद्धात घायाळ झालेल्या माणसाकडे. शांतिपर्व हे महाभारतातले सर्वांत मोठे पर्व आहे. एवढे ऐकूनही, भीष्मांना जलांजली दिल्यावर गंगेकाठी तो पुन्हा कोसळतोच. व्यासांनी हे गाळले नाही.

भारतीय सेनेतही जेसीओ दर्जाचे धर्मगुरू असतात, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री. रुग्णालयातल्या आजारी जवानांना भेटणे हे त्यांच्या कामात येते. पण निवृत्तीनंतर जवान साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या आपल्या गावी येतो, नाहीतर इंदूर-बडोद्याला मुलाकडे राहतो. तिथे ऐकणारे आपणच. आपण १५ ऑगस्टला त्याच्या हस्ते झेंडा फडकवतो, हार घालतो. ते योग्यच आहे, पण त्या मानाने तोंड बंदही होते. ज्याला सगळे वीर म्हणतात त्याने आपले न वीरासारखे वाटणारे काही कोणाला सांगावे?

सत्संगानंतर मागे रेंगाळणारे असे एखादे काका तुमच्याही ओळखीचे असतील. ते कधी बोलू लागले, तर श्लोक आठवण्याची घाई करू नका. "मग पुढे काय झाले, काका?" एवढेच विचारा आणि थांबा. ऐकलेले घरी जाऊन सांगू नका, प्रेरक प्रसंग म्हणून तर नाहीच. जगण्यात अर्थ नाही असे ते म्हणू लागले, तर मात्र एकट्याने सांभाळत बसू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे सोबत जा. चॅप्लिनही डॉक्टरांच्या बरोबरीनेच काम करतात. आणि त्यांनी विचारले, "देव मला क्षमा करेल का रे?", तर लगेच हो म्हणू नका. त्यांनी हे आणखी कोणाला कधी विचारले होते का, ते विचारा.