केळ्याचं आणि केळ्यासारखं

श्रावणात शुक्रवारी रात्री शहरातून पायी निघालेली माणसं पहाटे खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पोचतात. शनिवारचा उपास असतो, म्हणून रस्त्याकडेच्या हातगाड्या केळ्यांनी भरलेल्या असतात. अशाच एका शनिवारी घरात डझन-दोन डझन केळी उरली आणि आम्ही आइस्क्रीम केलं. पहिली वाटी देठाशी हिरवट असलेल्या केळ्यांची, दुसरी पिवळ्याधमक केळ्यांची, तिसरी सालीवर काळे ठिपके पडलेल्यांची. दूध, साय, साखर तिन्हींत सारखीच. शेजारी चौथी वाटी दुकानातून आणलेल्या केळ्याच्या आइस्क्रीमची.

आठ वर्षांच्या भाच्याने चारही चाखली आणि चौथीवर बोट ठेवलं. "मामा, खरं केळं ह्यात आहे. बाकीच्यांना वासच नाही."

त्याला चूक म्हणायला माझी जीभ धजेना. त्याने ओळखलं ते खोटं नव्हतंच. आयसोअमिल अ‍ॅसिटेट नावाचं एक द्रव्य पिकलेल्या केळ्यात असतं आणि कारखान्यातही तयार होतं. दुकानातला 'केळ्याचा वास' बहुतेक वेळा त्याचाच. पण त्याच द्रव्याच्या गोळ्या इंग्लंडमध्ये नाशपातीच्या म्हणून खपतात. आणि मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या नांगीपाशी हेच द्रव्य सुटतं. बाकीच्या माश्यांना तो हल्ल्याचा इशारा असतो. खुलताबादहून चार-पाच किलोमीटरवर वेरूळच्या कड्यांना मोहोळं लटकलेली असतात. एकच वास: भाच्याला केळं, कुणा इंग्रज पोराला नाशपाती, माशीला संकट. नाक वास घेतं, नाव मात्र ज्याच्या-त्याच्या घरचं असतं.

आमच्या डोंगरातलं फळ सीताफळ. त्याच्या आइस्क्रीमचा निवाडा सोपा. रवाळ गर दातांखाली येतो, तोच साक्षीदार. केळ्याला असा साक्षीदार नाही. दुधात कुस्करलं की ते दुधाचंच होतं. रंगही साथ देत नाही. पिवळी असते ती साल, आणि ती तर आपण फेकून देतो. गर जेमतेम सायीच्या रंगाचा, वारा लागला की काळवंडणारा. म्हणजे चौथी वाटी पिवळीजर्द होती ती सालीच्या आठवणीवर. मला वाटतं, आइस्क्रीम पारखणाऱ्याने पहिल्यांदा हा रंग मनातून पुसावा.

मग वाट्या पुन्हा घेतल्या, सावकाश. हिरवट केळ्यांची पिठूळ लागली, मागे तुरटपणा रेंगाळला. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे 20 टक्के स्टार्च असतो. पिकता पिकता त्याची साखर होते आणि स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो. पिवळ्या केळ्यांची वाटी गोड होती, पण मुकी. तिसरी रंगाने राखाडी, दिसायला सगळ्यांत गरीब. चमचा मऊ बुडाला, कारण साखर जास्त असली की आइस्क्रीम दगडासारखं गोठत नाही. पहिल्या घासाला तीही फार काही बोलली नाही. थंडीने जीभ बधिर होते, गोडी दबते, वासही वर उठत नाही. दहा मिनिटं वाटी तशीच ठेवली. कडा सुटू लागल्या आणि आधी मधासारखा, मग किंचित लवंगेकडे झुकणारा वास आला.

चौथी वाटी ह्याच्या उलट वागली. पहिल्याच घासाला सगळं बोलून गेली. दहा मिनिटांनी नुसती गोडी आणि टाळूला चिकटलेला तुपट थर. डबा वळवून पाहिला तर 'फ्रोझन डेझर्ट', म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. नियमाप्रमाणे आइस्क्रीम म्हणवायला किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. ती वाटी केळ्यासारखी होती. तिसरी केळ्याची होती. हा फरक पहिल्या चमच्याला कळत नाही, म्हणून पहिल्या चमच्यावर दिलेला निकाल मला मान्य नाही, तो लेकराचा असो की जाणकाराचा.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या पुढे गेलं की जळगावचा केळीपट्टा लागतो. 2016 साली जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे घड हिरवाच उतरवतात, पिकतो तो पुढे. पुष्कळदा आपण त्याला ठिपके पडायच्या आतच खातो, आणि ठिपके पडले की गाडीवाला भाव पाडतो.

आईने तिसऱ्या वाटीतलं चमचाभर तोंडात धरलं, वितळू दिलं. "अरे, हे तर शिकरणच की रे."

भाच्याने तिच्या हातातली वाटी ओढली. तळाशी आता नुसतं पातळ दूध आणि गराचे दोन-चार तुकडे होते. त्याने वाटी तोंडाला लावली, संपवली आणि विचारलं, "अजून आहे?"