विकणाऱ्याचा प्रश्न

मीरा रोडच्या आमच्या बेव्हर्ली पार्कमध्ये बिऱ्हाडे सारखी येतात आणि जातात. जाताना कपाट, शिवणयंत्र, मुलाची सायकल विकून जातात. पैसे हाती पडले की वस्तूशी आपला संबंध संपला, असे विकणारा मानतो. आणि त्यात गैर काही नाही. पण यंदा शेजारच्या इमारतीतील एका निवृत्त गृहस्थांनी आपले परवान्याचे पिस्तूल विकायला काढले, तेव्हा हा हिशेब मला इतका सोपा वाटेना. पिस्तूल अर्धस्वयंचलित; म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येऊन बसते, चाप तेवढा पुन्हा ओढायचा. "फारसे वापरलेले नाही," असे ते कौतुकाने सांगत होते. पिस्तुलाच्या बाबतीत ही स्तुती कोणाची समजायची?

३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे याने ज्यातून गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या, ते इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूलही जुनेच होते. २८ तारखेला ग्वाल्हेरात ते मिळविले गेले, असे सरकार पक्षाने लाल किल्ल्यातील खटल्यात मांडले. गोडसे स्वतः म्हणाला की, दिल्लीच्या छावणीत हत्यारांचा व्यवहार करणाऱ्या एका निर्वासिताकडून आपण ते विकत घेतले. ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांना विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली, तर उच्च न्यायालयाने १९४९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. कोणतीही हकिगत खरी धरा. त्यामागे ते पिस्तूल हातावेगळे करणारा कोणी तरी आहेच. इतिहासाने त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही.

त्याला काय ठाऊक होते, असे कोणी म्हणेल. सुरी विकणाऱ्याला आपण खुनी म्हणत नाही. खरे आहे, पण सुरीने भाजी चिरता येते. पिस्तुलाला दुसरे काम नाही. ते रक्षणासाठी घेतले तरी रक्षण होते ते याच कामाच्या धाकाने. म्हणून ते विकणाऱ्यावर एक प्रश्न विचारण्याचे ऋण राहते. उत्तर खोटे मिळेल, ही गोष्ट वेगळी. एखादी गोष्ट न कळणे आणि ती कळू नये अशी सोय करून ठेवणे, यांत मी फरक करतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने हा प्रश्न आपल्या रीतीने विचारला आहे. खासगी माणसाने शस्त्र विकण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा आणि पंचेचाळीस दिवस थांबायचे. ग्वाल्हेरच्या हकिगतीत पिस्तूल मिळणे आणि खून यांत दोनच दिवस होते! अर्थात घेणाऱ्याचा परवाना पाहिला म्हणजे माणूस पाहिला असे नव्हे. शाळेच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' हा शेरा कोणाकोणाला मिळतो, हे आम्हा मास्तरांना ठाऊक असते.

तरी त्या निर्वासिताला दोष देताना माझी जीभ अडखळते. गोडसेचे म्हणणे खरे असेल तर तो घरदार गमावून आलेला माणूस होता. १९४८ च्या त्या थंडीत त्या पैशांतून त्याने पोरांसाठी एखादे पांघरूणही घेतले असेल. पोटासाठी विकणारा आणि अडगळ नको म्हणून विकणारा यांना मी एका मापाने मोजणार नाही. पण ३१ तारखेला बातमी त्याच्या कानी आली असेल, तेव्हा आपल्याकडून पिस्तूल नेणाऱ्याचा चेहरा त्याने आठवून पाहिला असेल काय?