गावाला पोरं हवीत

दिवाळीत तासगावजवळच्या सासरी गेले होते. सुट्टी होती, त्यामुळे शाळेला कुलूप. कुलपाकडे बोट दाखवत सासूबाई म्हणाल्या, "शाळंत धा-बारा पोरं उरल्यात बघ. आन तुमी अजून थांबलायसाच!"

लग्नाला चार वर्षं झाली. आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो आणि मूल हवं की नको, हे अजून ठरत नाहीये. मी हसून विषय बदलला. पण शाळेच्या पटासाठी कुणी आपल्याकडे मूल मागेल, असं वाटलं नव्हतं.

कारण माझं माहेर सातारा. 2007 मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेनं 'हनिमून पॅकेज' काढलं होतं. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000 रुपये, तीन वर्षं लांबवलं तर 7,500. आम्ही शाळकरी पोरी त्यावर फिदीफिदी हसायचो. त्याआधी 1976 मध्ये राज्याच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. धाकापेक्षा पैसे बरे, हे मान्य. पण दोन्हीकडे आकडा आधी ठरलेला होता, बाईला नंतर विचारलं.

आता आकडा उलटा फिरलाय. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या 15.99 टक्क्यांनी वाढली, साताऱ्याची फक्त 6.93. घाटाखालच्या रत्नागिरीत तर ती घटली. लोकसंख्या टिकायला दर बाईमागे साधारण 2.1 मुलं लागतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा 1.7 होता.

पण गावं रिकामी होण्याचं सगळं खापर पाळण्यावर फोडता येत नाही. पाटण-जावळीचे बाप्ये मुंबईत माथाडी झाले. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले. जनगणना माणूस राहतो तिथं मोजते. गावच्या जत्रेत दिसणारी गर्दी म्हणूनच तिच्या कागदावर नसते.

आणि एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही. आमचं कुटुंब छोटं राहिलं, म्हणून मी शिकले. माझ्या पाठीवर भाऊ झाला आणि आई थांबली. तो मुलगी असता तर? सांगली जिल्ह्यात 2001 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 851 मुली होत्या, साताऱ्यात 878. कुटुंब छोटं करणं चांगलंच होतं, पण त्याची किंमत कुणाकडून वसूल झाली, ते या आकड्यांत दिसतं. 2017 मध्ये म्हैसाळला 19 अर्भकं सापडली, तेव्हा सगळे हादरले. मला मात्र वाटत राहिलं की हे 851 वाचून कुणी का हादरलं नव्हतं?

माझा दीर चौतीस वर्षांचा आहे. द्राक्षाची बाग आहे, बंगला आहे, स्थळ मिळत नाही. "पोरीच न्हाईत," असं सासूबाई म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं आणि रागही येतो. कधीकाळी मुलगी नको होती, आता सून म्हणून हवी. तिला स्वतःला काय हवं, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच.

एवढं म्हणूनही सासूबाईंची भीती खोटी ठरत नाही. म्हातारपणी दवाखान्यात कोण नेणार? 2023 मध्ये राज्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. शाळा लांब गेली की आधी कुणाची शाळा सुटते, ते वेगळं सांगायला नको. दक्षिण कोरियात 2023 मध्ये दर बाईमागे 0.72 मुलं होती. तिथल्या सरकारनं वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी पाळणे हलले नाहीत.

पण मूल कशासाठी जन्माला घालायचं? पटासाठी, मतासाठी, म्हातारपणासाठी? यातल्या कुठल्याही कारणानं आणलेल्या मुलाला मी पुढे काय तोंड दाखवू? आणि गावाला खरंच पोरं हवी असतील, तर ती दर हंगामात येतातच. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पोरं सोबत असतात. वर्गात बाकं मोकळी आणि पोरं फडात. त्यांना मात्र कुणी 'आपल्या शाळेचा पट' म्हणत नाही. हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ती काय, दोन म्हैन्यांनी जात्यात."

परतताना साताऱ्याला उतरले. माझ्या एका चुलतआत्याचं नाव नकुसा. चौथी मुलगी म्हणून ठेवलेलं. 2011 मध्ये जिल्हा परिषदेनं अशा 285 मुलींना नवी नावं दिली, तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती. तिला विचारलं, "तुला मिळालं असतं तर कुठलं नाव घेतलं असतंस?"

तिनं भाकरी उलटली. "आता काय? रेशनकार्ड, आधार, समदं त्याच नावावर हाय." मग थोड्या वेळानं, तव्याकडे बघतच, "वैशाली बरं होतं."